उन्हात आलेला पूर

श्रावणातल्या एका मंगळवारी दुपारी दीड वाजता येरवड्यात नदीकाठच्या आमच्या गल्लीत पाणी शिरलं. गल्लीत त्या दिवशी पावसाचा थेंबही पडला नव्हता. दोऱ्यांवर कपडे वाळत होते.

पाऊस पश्चिमेला, घाटात पडत होता. श्रावणापर्यंत धरणं भरत आलेली असतात. त्यानंतरचं पाणी त्यांत मावत नाही. दरवाजे उघडतात आणि काही तासांनी ते शहरात पोचतं. पुण्यात नवे आलेले लोक आभाळ बघायचे. आमच्या गल्लीत नदीचा रंग बघायचे. त्या सकाळी ती तांबडी होती.

दहा वाजता महापालिकेचे एक अधिकारी कर्णा घेऊन आले. घरं रिकामी करा, शाळेत चला, म्हणाले. चौदा घरांतून कोणी हललं नाही. आदल्या पावसाळ्यात वरच्या अंगाची एक वस्ती अशीच रिकामी केली होती. पाणी ओसरल्यावर तिथे पत्रे ठोकले गेले. आता पत्र्यांमागे आयटी कंपन्यांसाठी काचेची इमारत चढत होती.

माझी आई गल्लीत पिठाची गिरणी चालवायची. ती बाहेर आली.

"साहेब, पाणी उतरल्यावर आम्ही परत यायचं, एवढं लिहून द्या."

"अहो बाई, पाणी काय कागद वाचून थांबणार आहे?"

"कागद पाण्यासाठी नकोय. तुमच्यासाठी हवाय."

साहेबांनी लिहिलं नाही. आई आत जाऊन दळत राहिली. पाऊणला पाणी गल्लीच्या खालच्या पायरीला लागलं. मी तेव्हा एका दैनिकात उमेदवारी करत होतो. मी वही पुढे केली, तेव्हा साहेबांनी तीत परत येऊ देण्याबद्दल दोन ओळी लिहून सही केली. सव्वापर्यंत गल्ली रिकामी झाली.

शुक्रवारी पाणी उतरलं. गल्लीच्या तोंडाशी दोर बांधलेला होता आणि दुसरे अधिकारी उभे होते. त्यांनी वही पाहिली.

"नुसती सही चालत नाही. शिक्का कुठंय?"

"मग तुम्ही द्या," आई म्हणाली. "आत जाऊ देत नाही, असं लिहा आणि शिक्का मारा."

"असं कसं लिहिणार?"

"पेन देऊ?"

मागून शेजारच्या काकू म्हणाल्या, "नावही लिहा हो, सुवाच्य. पेपरात चुकायला नको."

ते वरिष्ठांना विचारायला कोपऱ्यावरच्या पीसीओकडे गेले. आई दोराखालून वाकून आत गेली. मग काकू, मग बाकीचे. साहेब परतले तेव्हा दोर जमिनीवर होता.

गल्लीत घोटाभर गाळ होता. गिरणीची मोटार बंद पडली होती. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत चौदाही घरांत माणसं राहायला आली होती.