सात सेकंदांची शांतता

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी दुपारी साडेचारला, नगर रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या रेडिओ केंद्रावर, आमच्या शेजारीणबाईंचं गाणं मध्येच तुटलं आणि केंद्राची धून सुरू झाली.

शेजारीणबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. नारायण पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. स्वतः चाल लावलेलं गाणं त्यांनी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं. त्या केंद्रावर मी बातम्या वाचतो. फाइल मीच नेऊन दिली होती.

कारण लगेच कळलं. पहिल्या अंतऱ्यानंतर गाण्यात सात सेकंद काहीच वाजत नाही. पाच सेकंद आवाज आला नाही, की केंद्राचं यंत्र बिघाड समजून धून लावतं. नवं गाणं तिथे दोनदा लागतं. कोणी मागणी केली नाही, तर ते यादीतून जातं. बाईंच्या गाण्याची आता एकच खेप उरली होती.

केंद्राचा तंत्रज्ञ अमरावतीकडचा. त्याने माझ्यासमोर, स्पीकर चालू ठेवून, बाईंना फोन लावला.

"काकू, ती शांतता तीन सेकंदांवर आणू का जी? कोणाला कळणार पण नाही."

"मला कळेल."

"मग मागे बारीक तंबोरा सोडू?"

"सोडायचा असता तर मीच सोडला असता. सात सेकंद गप्प बसणं पुण्यात कोणाला जमत नाही, हे ठाऊक होतं. यंत्रालाही जमत नाही, हे आज कळलं."

तो हसला नाही. हेडफोन लावून त्याने गाणं पहिल्यापासून ऐकलं. शांततेपाशी दोनदा मागे गेला.

"राहू द्या काकू, आहे तसंच," तो म्हणाला. "मी बसतो."

पुढच्या मंगळवारी त्याची सुटी होती. तो सव्वाचारला आला, यंत्राचा स्वयंचलित भाग बंद केला आणि गाणं स्वतः लावलं. शांतता आली तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. मी घड्याळात बघत होतो. सात सेकंद. मग बाईंचा आवाज षड्जावर आला.

पाचच्या आत कसबा पेठेतून एका तांबटाचा फोन आला. "रेडिओ बंद पडला वाटून हातोडा खाली ठेवला मी. पुन्हा कधी लावताय ते?"

फोनची नोंद मागणीच्या वहीत झाली. गाणं यादीत आहे. त्यापुढे तंत्रज्ञाच्या अक्षरात लिहिलंय : हाताने लावणे.