मुळ्यांची विचारपूस

जुन्या राजवाड्यामागच्या ज्या बागेतून कधीकाळी मुदपाकखान्यात भाजी जायची, तिथे माळीकाका नाटकातल्या खलनायकाच्या थाटात वावरत. शेजारच्या शाळेची मुलं रोज बागकाम शिकायला आली की त्यांच्या भुवया आणखी चढत. तरी मन मोठं करून त्यांनी मुलांना मुळ्यांचा एक वाफा सांभाळायला दिला.

आठवड्याभरात वाफा मलूल होऊन आडवा पडला. काकांनी दरडावून विचारलं, तेव्हा एक चिमुरडी शांतपणे म्हणाली, "मुळा मोठा झाला का, ते आम्ही रोज उपटून बघतो. मग परत नीट झोपवतो."

काकांनी कपाळावर हात मारला. "उद्यापासून शाळेला फाटक बंद."

मुलांचे चेहरे पडले. तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "करा की बंद. पण चुलीवर भाजी ठेवली की दर मिनिटाला झाकण कोण उचलतं हो? मी काढलं का तुम्हाला घराबाहेर?"

मुलं खो खो हसली. काका उगाच खाकरले आणि कुदळ घेऊन दोन नवे वाफे आखू लागले.

"हा वाढू द्यायचा, हा उपटून बघायचा," ते गुरगुरले. "आणि उपटताना मला हाक मारायची."