वीणाची तीन यानं

वीणा गेल्याचा निरोप शाळेच्या शिपायानं आणला. तिच्या भावाचा फोन होता. मी दहावीच्या वर्गावर होते. ती आजारी आहे हे ठाऊक होतं, तरी पुढचं गणित मला सांगता येईना...

कल्याणजवळच्या मोहने गावी रेयॉन कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली वीणा आणि डोंबिवलीची मी, कल्याणच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी गणिताची शिक्षिका झाले, ती मुंबईत संशोधनाला गेली. दूरवर दोन अजस्र कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशच थरथरतं, त्यात लहरी उठतात; तिचं काम त्यांच्यावर. त्या संथ लहरी जमिनीवर पकडता येत नाहीत, कारण जमीन स्वतःच सतत हलत असते. म्हणून सूर्याभोवती तीन यानं फिरवायची, लाखो किलोमीटर अंतरावर, आणि त्यांच्यात लेसरचे किरण खेळवायचे, असा बेत परदेशात कागदावर होता. अडचण एकच. यानांमधली अंतरं कधीच सारखी राहत नाहीत, आणि मग लेसरच्याच बारीक चढउतारांच्या गोंगाटात ती नाजूक लहर बुडून जाते. वीणानं नेमकं तेच सोडवायला घेतलं. तिचे वरिष्ठ वैतागून म्हणाले, "जे उडेल की नाही ठाऊक नाही, त्यावर उमेदीची वर्षं कशाला घालवतेस?" ती कसली ऐकतेय!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका परदेशी परिषदेत तिनं उत्तर मांडलं. वेगवेगळ्या यानांवरची मोजमापं योग्य तेवढ्या उशिरानं एकमेकांत मिसळली, तर तो गोंगाट कटतो. एक नामांकित शास्त्रज्ञ मध्येच उठून म्हणाले, हे अशक्य आहे. वीणानं फळ्यावर एकेक पायरी मांडली. शेवटची ओळ आली तेव्हा ते गृहस्थ पुन्हा उभे राहिले, टाळ्या वाजवायला.

"सुमे, घाबरले होते गं मी," परत आल्यावर ठाण्याच्या नौपाड्यात मिसळ खाताना ती सांगत होती, "पण अक्षर एकदम सरळ आलं."

"उडणार कधी ते?"

"लागतील वीस-तीस वर्षं. आपण असू, नसू."

"वाईट नाही वाटत?"

"वाईट कसलं? उडेल ना!"

आपलं दुखणं तिला तेव्हा कळलेलं होतं. मला ते फार नंतर समजलं...

परवा मोहन्याला तिच्या आईकडे गेले होते. शेजारची नवी सून विचारत होती, "काकू, तुमची मुलगी काय काम करायची?" काकूंनी मांडणीवरच्या तीन वाट्या काढून फरशीवर दूर दूर ठेवल्या. एकीपासून दुसरीपर्यंत बोट फिरवत म्हणाल्या, "हा उजेड. इकडून तिकडं जातो. अंतर कमीजास्त झालं तरी हिशेब चुकत नाही. ते माझ्या वीणानं शोधून काढलंय."