स्वच्छ माती
...आणि गोणीवर दोनच शब्द होते, ‘स्वच्छ माती’. अक्षर बुरशीबाईंचंच. रिकामी गोणी हातात धरून बाई रोपवाटिकेत उभ्या होत्या, इथवर काल आलो होतो. आता पुढचं. पण काल जे नव्हते, त्यांना आधी बाईंची ओळख करून दिलेली बरी, नाहीतर ‘कुठली बाई, कसली गोणी’ करून ते जीव खातील.

बाई म्हणजे शिंप्याची धाकटी लेक. शिकून झाडांच्या संशोधन संस्थेत लागली. बाहेरून आलेलं एक झुडूप तिकडच्या टेकड्यांवर असं माजलं होतं की ते उपटून काढलं तरी मागं इथली झाडं धड वाढेनात. बाईंचं म्हणणं असं, की मातीत बारीक धाग्यांची बुरशी असते, ती झाडाच्या मुळांना पाणी नि खत आणून भरवते, आणि हे झुडूप नेमकं तिच्याच मुळावर उठतं. झालं, तेव्हापासून त्या बुरशीबाई. घरी पावावर बुरशी धरली की नवरा हाक मारायचा, “अगं, तुझ्या माहेरची माणसं आलीत गं!”

आता बुरशीवाचून रोपाचं काय होतं, हे बघायचं तर आधी बुरशी मारायला हवी. म्हणून बाई माती वाफेवर उकडून घ्यायच्या. तसल्या मातीला प्रयोगशाळेत सगळे ‘स्वच्छ’ म्हणत. बाईंनी गोणीवर तेच लिहिलं आणि गोण्या दिल्या व्हरांड्यात ठेवून.

रोपवाटिका होती माळीमामांच्या हाती. मामांनी नुसती काठी खोचली तरी तिला पालवी फुटायची, असा हाताला गुण. नव्या इमारतीपुढं लावायची निवडक रोपं त्यांनी तयार केली होती. व्हरांड्यात ‘स्वच्छ माती’ दिसली, तेव्हा चांगल्या रोपांना चांगलीच माती हवी म्हणून मोठ्या मायेनं ती कुंड्यांत भरली. रोपं पिवळी पडली ती पडलीच. संस्थेत थट्टा सुरू झाली, “काय मामा, हात साबणानं धुतलात वाटतं, गुण गेला वाहून!” मामा हसायचे, आणि कुणी बघत नाही असं पाहून आपले तळवे निरखायचे.

तर बाईंना उलगडा झाला तो असा, रिकाम्या गोणीपाशी. दुसऱ्या दिवशी बैठक होती, तिथं सांगू म्हणाल्या. बैठकीत साहेबांनी सुरुवातच केली, “मामा थकले आता. त्यांना फाटकावर बसवू, इथं नवा माळी आणू.” बाईंनी तोंड उघडलं, तोच साहेब त्यांच्याकडे वळले. “आणि बाई, तुमचं सामान व्हरांड्यात पसरलेलं असतं, त्याचाही एकदा हिशेब करायचाय.” बाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. पाण्याचा घोट घेतला, आणि त्याबरोबर बोलणंही गिळलं.

मग काय विचारता! सकाळी फाटकातून शिरावं तर मामा खुर्चीतून उठून म्हणायचे, “या बाई!” फाटकाजवळच्या वेलीलाही ते पाणी घालत नसत. शिपायाला सांगत, “तूच घाल बाबा, माझा हात नको लागायला.” बाई मागच्या चिखलातल्या वाटेनं यायला लागल्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बरं, बाईंनी केलं काय, तर गुपचूप निस्तरायला गेल्या. जेवणाच्या सुट्टीत, रोपवाटिका रिकामी असताना, जुन्या झाडांच्या बुंध्यालगतची माती आणून प्रत्येक कुंडीत मूठ मूठ मिसळली. त्या मातीत जिवंत बुरशी होती. रोपं सावरली की सगळं मिटेल, कुणाला काही सांगायला नको, असा हिशेब. रोपं सावरली हो! हळूहळू तुकतुकीत पानं धरली. पण झालं भलतंच. सगळे नव्या माळ्याची पाठ थोपटायला लागले. “याला म्हणतात हाताचा गुण!” साहेबांनी तर सगळ्यांना रोपवाटिकेत बोलावून त्याचं कौतुक केलं. मामाही फाटकावरून आले. पानं बोटांनी चाचपायला पुढं झाले, आणि अर्ध्यावरच हात मागं घेतला. नव्या माळ्याला म्हणाले, “हाताला जप रे बाबा. जातो कधी कळत नाही.”

ते ऐकलं आणि बाईंना राहवेना. सगळ्यांसमोर बोलून मोकळ्या झाल्या. उकडलेली माती, गोणीवरचा शब्द, मेलेली बुरशी, आणि नंतर मिसळलेली मूठ मूठ माती. “मामांच्या हाताला काही झालेलं नाही. माती मेलेली होती, आणि ती मारली मी.”

मग साहेबच हसले. “चला, आज उलगडा झाला म्हणायचा बाईंना! उशिरा का होईना.” सगळ्यांना हायसं वाटलं. मामांनी दोन्ही तळवे वर धरले, उलटे केले, सुलटे केले. “म्हणजे हात शाबूत आहेत माझे! अरे, मी तर जेवणालासुद्धा हे भीत भीत लावत होतो.”

हसता हसता त्यांनी सहज विचारलं, मनात काही नव्हतं हो त्यांच्या, “पण बाई, तुम्हाला हे कळलं कधी?”

साहेबांनी ‘आज’ हा शब्द बाईंच्या हातात आयता ठेवला होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाईंनी साहेबांकडे पाहिलंच नाही. मामांकडे पाहून म्हणाल्या,

“तुम्हाला फाटकावर बसवायचं ठरलं ना मामा, त्याच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. त्या बैठकीत मी होते. मला ओरडा बसेल म्हणून गप्प बसले.”