साठ मिलिमीटर

माझ्या घरमालकांइतका निराशेवर मनापासून विश्वास असलेला माणूस उभ्या चेन्नईत सापडणार नाही. वेस्ट मांबलमला मी त्यांची वरची खोली बघायला गेलो, तेव्हा "घर बरें आहे तंबी, पण नळास पाणी येणार नाही, तुम्हांस झोप येणार नाही," असं आपल्या तंजावरी मराठीत, तंबी म्हणजे धाकटा भाऊ अशी तमिळ हाक मारत सांगून त्यांनी मला परतवून लावायचा प्रयत्न केला. पाणी रोज आलं. तेव्हापासून ते नळाकडे संशयाने बघतात. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात त्यांचं काम दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातल्या चुका शोधायचं. निवृत्तीनंतर चुकांचा पुरवठा बंद पडला, म्हणून ते स्वतःच वस्तू बनवायला लागले, असं माझं मत आहे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी जाडी मोजायचा व्हर्नियर असतो. मामी, म्हणजे त्यांची बायको, डोसा वाढतात. हे काठाची जाडी मोजतात, उदास होतात आणि चार खातात.

मागच्या खोलीत त्यांनी स्वतः जुळवलेलं सीएनसी यंत्र आहे. संगणकाने आखून दिलेल्या वाटेने त्याचं पातं फिरतं आणि लाकूड कोरतं. यंदा त्याला लेझर जोडायचं त्यांच्या मनाने घेतलं, त्याला कारण मामींची मरप्पाची. लग्नात माहेरून आलेली लाल चंदनाची ही बाहुला-बाहुलीची जोडी. नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडताना पहिला मान तिचा. इतक्या वर्षांच्या हाताळणीने बाहुलीचे डोळे पार झिजून गेले होते, आणि मामींचे स्वतःचे काचबिंदूने चालले होते. पुढच्या नवरात्रापर्यंत नजर राहील, असं डॉक्टर म्हणेनात. "तिला दिसतें आहे तोंवर बाहुलीस डोळे द्यायचे," मालक मला म्हणाले. "जमायचें नाही. पण द्यायचे." पात्याने जुनं लाकूड चिरलं असतं, म्हणून लेझर.

मग दोन महिने घरात कुणाला सुख लाभलं नाही. लेझरच्या प्रकाशाने डोळे जातात, म्हणून सगळ्यांना हिरवे संरक्षक चष्मे मिळाले. ते यंत्र बंद असतानाही घालायचे, कारण यंत्राचा भरवसा काय? मामी आपल्या चष्म्यावर तो चढवून कांदे चिरत. "अगोदरच दिसत नाही, त्यांत हा हिरवा अंधार," त्या म्हणायच्या, पण काढत नसत. धुरासाठी खिडकीतून पाइप काढला, तर समोरच्या घरातली बाई पाण्याची बादली घेऊन धावत आली. मालकांनी तिलाही एक चष्मा दिला.

लेझर बसला पात्याच्या शेजारी, बरोबर साठ मिलिमीटरवर. ते अंतर यंत्राला आधी सांगावं लागतं, नाहीतर काम तेवढंच सरकतं. मालकांनी हे मला इतक्या वेळा समजावलं होतं की मला ते पाठ झालं होतं. कोलूच्या आदल्या दिवशी त्यांनी ते यंत्राला सांगितलं. मग यंत्राने ऐकलं असेल यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी बाहुलीच साठ मिलिमीटर सरकवून ठेवली. हिरव्या चष्म्यातून लेझरचा ठिपका दिसत नव्हता. काम संपल्यावर चष्मा काढला, तर चेहरा होता तसाच कोरा, आणि दोन अतिशय सुरेख डोळे बाहुलीच्या पोटावर.

त्यांनी खिशातून व्हर्नियर काढून चूक मोजली: बरोबर साठ मिलिमीटर. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि हसूही येत होतं, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने बाहुलीला रेशमी साडी नेसवून पोट झाकलं आणि तिला पायरीवर उभं केलं. मामी आल्या. बाहुली उचलून त्यांनी दिव्यापाशी नेली, नाकाला लागेल इतकी जवळ धरली. आम्ही दोघं मागे उभे.

"डोळे छान आले," मामी म्हणाल्या आणि तिला जागेवर ठेवून पाहुण्यांसाठी चण्याचं सुंडल करायला आत गेल्या.

संध्याकाळी मालक वर माझ्याकडे आले. "संसारांत ती मजशी एकदाही खोटें बोलली नाही," ते म्हणाले. "चेहरा कोरा आहे हें तिला दिसलेंच असेल. आज बोलली, नाही का तंबी? माझें मन राखण्यास?"

"बोलल्या," मी म्हटलं.

नवरात्र संपलं, बाहुल्या पेटीत गेल्या. मालक अजून रोज जिना चढून येतात आणि तेच विचारतात. मामी खोटं बोलल्या, असं मी त्यांना रोज सांगतो.