पोचा पडलेल्या तांब्याचा इतिहास

शेजाऱ्यांचा मुलगा विलायतेहून एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आला, तेव्हा आमच्या नाशिकच्या कॉलनीतली निम्मी माणसं त्यांच्या बैठकीत दाटीवाटीने बसली होती. टीव्हीवर एक कोटटायवाला इंग्रज पडक्या किल्ल्यासमोर उभा राहून, घरातलं कुणी वारल्यासारख्या चेहऱ्याने सांगत होता, की इथला राजा लढाई हरला ती केवळ सैन्याची दुपारची झोप मोडू नये म्हणून. ऐंशीचं दशक अर्धं उलटलं होतं आणि लोकांना मारामारी हवी होती. "अहो, पिक्चर कधी सुरू होणार?" असं कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारत होतं. मी आणि माझा नवरा मात्र एकमेकांकडे न बघता, गाल आतून चावत बसलो होतो. मला इंग्रजी अर्धंमुर्धंच कळत होतं, पण माणूस ओळखू आला. हा तर आमच्या बाबांचा सख्खा भाऊ शोभला असता!

बाबा कचेरीत कारकून होते. त्या काळी टॉकीजमध्ये सिनेमाआधी सरकारी माहितीपट दाखवत. लोक तेवढ्यात शेंगदाणे आणायला बाहेर जात, आणि बाबा नेमके त्याच्यासाठी वेळेवर पोचत. त्यातला तो जड, संथ आवाज त्यांनी उचलून घरी आणला. "समोर दिसते आहे ती मोरी," आंघोळीला जाता जाता ते सांगत, "येथेच सातवाहनांनी पाणी तुंबवण्याची कला विकसित केली." खेळाचा नियम एकच होता: हसेल तो हरला. मी शंका काढायची, तीही विद्वानाच्या थाटात. आई दर वेळी हरायची आणि मग चिडायची.

तिच्या चिडण्याला कारण होतं. सटाण्याहून मला पहिलं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या काकांनी आमच्या भिंतीतल्या भेगेबद्दल विचारलं. ती मोगलांच्या तोफेने पडल्याचं बाबांनी सांगितलं. घर बांधून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. काकांनी हे गावातल्या चार शहाण्यांना ऐकवलं, काकांचंच हसं झालं, आणि ते स्थळ गेलं ते गेलंच.

दुसरं स्थळ कळवणचं आलं. मुलगा शाळामास्तर. आईने सकाळीच बाबांना गळ्याची शपथ घातली. "अहो, आज इतिहास नको. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

जन्माचा प्रश्न माझाही होता, फक्त वेगळा. खोटं इतक्या गंभीरपणे सांगणारा माणूस समोरच्याच्या अकलेवर भरवसा ठेवतो, असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. असा माणूस ज्या घरात नाही तिथे आयुष्य काढायचं म्हणजे काय, या विचाराने मला खरोखर धास्ती भरली होती. आणि पगार किती, शेती किती, हे विचारून ते कळणार नव्हतं.

मंडळी आली. पोहे झाले. बाबा तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. तेवढ्यात मुलाच्या आत्याबाईंचं लक्ष पाण्याच्या तांब्याकडे गेलं. "अगं बाई, ह्याला एवढा मोठा पोचा कशानं पडला?"

तो तांब्या माझ्याच हातून जिन्यावर पडला होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. पण शपथ त्यांना होती, मला नव्हती.

"पेशवाईत," मान खाली घालून, बघायला आलेल्यांसमोर काढायच्या आवाजात मी म्हणाले, "फौज मुक्कामाला आली की घराघरातले धड तांबे उचलून नेई. म्हणून नाशिककर आपापले तांबे आधीच आपटून ठेवत."

आईने डोळे मिटले. मुलगा इतका वेळ सतरंजीकडे बघत होता. त्याने मान वर केली. चेहरा परीक्षेत पेपर वाटणाऱ्या मास्तराचा.

"पोचा आतून मोजत, का बाहेरून?"

मी गाल चावला. "त्यावरूनच दोन पक्ष पडले."

"बरोबर. आम्ही कळवणचे बाहेरून मोजणारे," तो म्हणाला. "आतूनवाल्यांशी आमची सोयरीक होत नसे. आता काळ बदललाय."

बाबा "आलोच" म्हणत मागच्या दारी गेले. तिकडून बादली उपडी झाल्याचा आवाज आला. आत्याबाई मात्र हरखून गेल्या. "आमच्या घरी पण अस्साच तांब्या हाय! तरी म्हटलं, सासूबाई उगाच आपटायच्या नाय."

लग्न ठरलं. आईने देवापुढे साखर ठेवली.

पाठवणीच्या वेळी मांडवातल्या सगळ्या बायका रडत होत्या, मीही रडत होते. बाबांनी तो तांब्या स्वतः माझ्या हातात दिला. मग ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि माहितीपटाचा आवाज काढला. "येथे... या घराचा सुवर्णकाळ..."

पुढे त्यांना जमेना. ओठ थरथरायला लागले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा हललेला मी पाहिला नव्हता, आणि मला ते बघवेना.

नवऱ्याने मुंडावळ्या बाजूला केल्या. तोंडावरची रेषही न हलवता तो म्हणाला, "...संपला, असे काही इतिहासकार मानतात. परंतु त्यास पुरावा नाही."

बाबा रडता रडता फस्सकन हसले. हरले.