तुळशीवाचून बांधलेलं घर

ठाण्यातल्या आमच्या परसात मी बांधत असलेल्या जोत्यावर एका माणसाने बुटाची टाच आपटली आणि म्हणाला, "हे काढा." त्याच्या हातात मोजणीची साखळी होती. पुढे सगळे केस पिकले तरी ती टाच आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मागचा बोळ रुंदीला दोन हात कमी पडतो, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बोळ माझ्या आजोबांच्या वेळेपासून एवढाच आहे. तो म्हणाला, नियम नवा आहे. मग मी म्युनिसिपालिटीच्या कमिटीकडे खेटे घातले. अर्ज लिहिला, नकाशा काढला, शाळा सुटल्यावर त्यांच्या बाकावर बसून राहिलो. महिनाभराने नामंजूर असा शेरा मारून कागद परत आला. मी मराठी शाळेत मास्तर होतो. मुलांच्या पाटीवर चूक दिसली तर काय चुकलं ते तरी मी सांगत असे. इथे तेवढंही कोणी सांगितलं नाही.

परसातली ती खोली मला माझ्यासाठी नको होती. ती अक्कासाठी होती. अक्का माझी थोरली बहीण. तिला मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि हिला एका गाठोड्यानिशी आमच्या दारात आणून सोडलं. बिचारी विधवाही नव्हती आणि सवाष्णही म्हणवत नव्हतं. आमच्या दीड खोलीच्या घरात चूल एक आणि बायका दोन. माझी बायको वाईट नव्हती, अक्काही नव्हती, पण सकाळी आधी कोणी चूल पेटवायची यावरून दोघी दिवसदिवस बोलत नसत. मी दोघींवर ओरडे आणि शाळेत जाऊन मुलांवर ओरडे.

अक्काचं मागणं फार नव्हतं. "मला एक खोली दे, आणि तिला रस्त्याकडे दार असू दे," ती म्हणे. "दारापुढे बसायला ओटा, ओट्यापुढे तुळस. सासरी माझं सगळं मागच्या दाराने झालं. आता पुढच्या दारात बसू दे."

मी ठरवलं की जिथे साखळीवाला येत नाही अशी जमीन शोधायची. आठवडाभर शाळा करायची आणि रविवारी वहाणा झिजवायच्या. कल्याणला गेलो तर तिथेही कमिटी, तोच बाक, तसाच शेरा. आंबिवलीकडे गावठाणात एक मोकळा तुकडा पाहिला, तिथे ना परवाना ना नकाशा. पण गावकऱ्यांनी जात विचारली, कूळ विचारलं, एकटी बाई राहणार म्हटल्यावर एकमेकांकडे पाहिलं आणि मला ताक पाजून वाटेला लावलं. खाडीकडे मिठागरांच्या कडेला गेलो तर मिठाच्या चौकीवरचा शिपाई काठी आपटत आला. देवाने एवढी पृथ्वी केली, आणि एका बाईला चार भिंती उभ्या करायला त्यात जागा निघेना!

शेवटी माजिवड्याला एक म्हातारा शेतकरी भेटला. त्याचं घर गावठाणात होतं, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर रस्त्याला लागून भाताचं एक खाचर तो विकायला तयार होता. शहराच्या हद्दीचा दगड मागे राहिला होता. मी त्या दगडापासून खाचरापर्यंत पावलं मोजली. जागा चांगली लांब पडत होती. मला इतका आनंद झाला की मी वाटेत मोठ्याने हसलो. म्हाताऱ्याची नात रात्री अक्काच्या सोबतीला झोपायला येईल असंही ठरलं.

जमीन अक्काच्या पाटल्या मोडून आली. सासरहून तिने आणलेली तेवढी एकच मोलाची वस्तू होती. खरेदीखत मात्र माझ्या नावाने केलं. तिचं नाव घातलं तर नवरा उद्या हक्क सांगत येईल, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "बरं." ते बरं मी नीट ऐकलं नाही.

जोतं भरलं, दाराची चौकट रस्त्याकडे उभी केली, आणि गावचा तलाठी आला. हा नम्र होता, हात जोडून बोलत होता, आणि म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. म्हणाला, "मास्तर, ही जमीन शेतीची आहे. हिच्यावर राहतं घर बांधायचं तर आधी सरकारची परवानगी लागते."

"हद्द संपली ना मागे?"

"शहराची संपली. सरकारची कशी संपेल?"

मी मुलांना भूगोल शिकवणारा माणूस! हद्दीचा दगड ओलांडला की मोकळं रान, ही समजूत मी कुठून आणली कोण जाणे. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारा माझी समजूत काढायला खाचरावर आला. उकिडवा बसून त्याने चौकटीकडे पाहिलं.

"मास्तर, शेतान घर नाय बांधाचा," तो म्हणाला. "शेताची झोपरी बांधाची. तिला कोन इचारतंय? आमी सगल्यांनी बांधल्यान. आतमंदी नांगर ठेवाचा, दोर ठेवाचा, पेंढा ठेवाचा. दार रस्त्याला नाय ठेवाचा, मागं ठेवाचा. ओटा नाय बांधाचा. आनि तुलस तर बिलकुल नाय."

"तुळशीचं काय?"

"सायब दुरून तुलसच बघतंय. तुलस दिसली का घर. नाय दिसली का झोपरी."

मला ती युक्ती फार आवडली. सरकारच्या डोळ्यांत धूळ टाकायची या कल्पनेनेच माझा राग थंड झाला. गवंड्याला मी त्याच दिवशी चौकट उखडून मागच्या भिंतीत बसवायला लावली. आणि खरं सांगायचं तर, आणखी एका गोष्टीने मला हायसं वाटलं. टाकलेली बाई रस्त्याकडे ओट्यावर बसलेली जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसणार, ठाण्यात कोणी विचारणार, शाळेत कोणी हसणार, हे माझ्या पोटात होतंच. ते मी कोणाला बोललो नाही. सरकारवर ढकलून मोकळा झालो.

अक्का सामान घेऊन आली तेव्हा रस्त्याच्या बाजूची कोरी भिंत पाहत उभी राहिली. मी तिला सगळी हुशारी समजावून सांगितली. आत नांगर होता, तिच्या अंथरुणाच्या उशाशी. ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा मागचं दार." आणि पदर खोचून केर काढायला लागली.

मामलेदार कचेरीतला कारकून भात कापणीनंतर पाहणीला आला. रविवार होता, मी तिथेच होतो. त्याने झोपडीला फेरा मारला. पुढे ओटा नव्हता, तुळस नव्हती. मागच्या दारातून त्याने डोकावलं. अंधारात नांगर दिसला. दाराआड, भिंतीला पाठ लावून अक्का उभी होती. घोड्याच्या टापा ऐकून मीच तिला तिथे उभं केलं होतं आणि चुलीवर पाणी ओतलं होतं.

"इथे राहतं कोण?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "शेतीची अवजारं असतात."

कारकून वहीत काही लिहून गेला. मी आत येऊन हसत म्हणालो, "कसा बनवला!" अक्का हसली नाही. ओली राख चुलीतून काढत होती.

"सासरी कोणी पाहुणा आला की मला कोठीत बसवून म्हणायचे, आत कोणी नाही," ती म्हणाली. "त्यांना तरी मी नकोशी होते. तुला काय झालं रे?"

मी चिडलो. मी तिच्यासाठी किती उन्हं सोसली, किती जणांचे उंबरे झिजवले, हे सगळं तिला बोललो. परवाना नाही, कायदा कसा आहे, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "या जागेसाठी तू अर्ज केलास?"

अर्ज मी केला नव्हता. तलाठ्याने परवानगी लागते म्हटलं होतं, मिळत नाही असं तो म्हणालाच नव्हता. ठाण्याच्या शेऱ्याने मी इतका पेटलो होतो की पुन्हा कोणापुढे कागद धरायचा नाही, असं मनाशी ठरवून बसलो होतो. तिच्या पाटल्या, तिचं घर, आणि रुसलो होतो मी.

पुढच्या रविवारी गेलो तर रस्त्याकडच्या भिंतीला भगदाड होतं. म्हातारा आणि त्याची नात विटा काढून रचत होते. पुढे एका फुटक्या माठात तुळस लावलेली होती. मला बघून म्हातारा ओशाळला. "बाय आयकतच नाय," म्हणाला.

"अक्का, पाडतील हे!" मी ओरडलो.

"पाडू देत. विचारायला येतील तेव्हा मी दारात असेन," ती म्हणाली. "तू त्या दिवशी शाळेत जा."

मी शाळेतच होतो. कारकून पुन्हा येऊन गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं, आणि मी धावत माजिवड्याच्या चावडीवर गेलो. तलाठ्याने कागद माझ्यापुढे ठेवला. पाडायचं काही त्यात नव्हतं. परवानगी न घेतल्याबद्दल दंड होता, आणि इथून पुढे शेतीऐवजी घराचा सारा भरायचा होता. ज्याच्या भीतीने मी तिला दाराआड उभं केलं ते एवढंच होतं. त्याखाली कारकुनाने आपल्या गिचमिड अक्षरात एक ओळ लिहिली होती. ती मी चावडीवर उभ्या उभ्या दोनदा वाचली, आणि त्या दिवशी मला ना कमिटीचा राग आला ना सरकारचा. सगळा राग माझा मलाच आला.

"या जागी एक बाई राहते," असं लिहिलं होतं. "तसे तिने स्वतः सांगितले."